शिवाराची बोली आणि यंत्राचे कान

मेट्टूर धरणाचे दरवाजे दरवर्षी १२ जूनला उघडावेत, असा कावेरी खोऱ्यातील रिवाज आहे आणि तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम व मयिलाडुदुरै या जिल्ह्यांतील भातशेतीचे वेळापत्रक त्या तारखेभोवती बांधलेले आहे. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणाचे पाणी तीन-चार दिवसांत कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून कावेरी, वेण्णार आणि ग्रँड अनिकट कालवा यांत वाटले जाते व पुढे असंख्य चाऱ्यांतून समुद्राच्या दिशेने पसरते. पाणी वेळेवर आले तर जूनमध्ये ‘कुरुवै’ हे कमी मुदतीचे भात घेता येते आणि त्याच्या कापणीनंतर ‘ताळडी’ हे दुसरे पीक उभे राहते. पाणी लांबले तर कुरुवै सोडून पाच महिन्यांच्या ‘सांबा’ भातावरच भिस्त ठेवावी लागते. धरण कधी उघडणार, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावाला पाणी केव्हा मिळणार, कोणते वाण पेरावे, खत किती द्यावे आणि सरकारी खरेदी केंद्र कधी सुरू होणार, हे प्रश्न येथील घराघरांत दर हंगामाला विचारले जातात. या प्रश्नांची उत्तरे संगणकाने आणि फोनने द्यावीत, यासाठी गेल्या पंचवीसहून अधिक वर्षांत जे प्रयोग झाले, त्यांतील एका महत्त्वाच्या प्रयोगाचा मान तंजावर जिल्ह्यातील तिरुवैयारु या गावाकडे जातो.

मराठी वाचकाला तंजावर ओळखीचे आहे ते व्यंकोजीराजांच्या गादीमुळे आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे, जेथे मोडी कागदपत्रांचे रुमालच्या रुमाल जपलेले आहेत. शहरापासून जवळच, कावेरीकाठी, संत त्यागराजांच्या समाधीचे तिरुवैयारु आहे. १८ ऑक्टोबर २००४ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ‘ग्राम संसाधन केंद्रां’च्या पहिल्या समूहाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यात तिरुवैयारु, दिंडिगुल जिल्ह्यातील सेंपट्टी आणि रामेश्वरमजवळील तंगच्चिमडम ही तीन तमिळ गावे चेन्नईतील एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनशी इस्रोच्या उपग्रहाद्वारे जोडली गेली. गावातील शेतकऱ्याने पडद्यासमोर बसून प्रश्न विचारावा आणि दूरच्या शास्त्रज्ञाने त्याच्याकडे पाहत उत्तर द्यावे, अशी ती व्यवस्था होती.

स्वामिनाथन फाउंडेशनने १९९८ साली पुदुच्चेरीच्या परिसरात गावोगावी माहिती केंद्रे उभारण्यास सुरुवात केली होती. वीरांपट्टिणम या कोळीवाड्यात तर अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेऊन तो ध्वनिक्षेपकावरून तमिळमध्ये वाचून दाखवला जाई. त्या काळी यंत्राचे काम निरोप पोहोचवण्यापुरते होते. प्रश्न समजून घेणारा, त्याचा स्थानिक अर्थ लावणारा आणि उत्तर सोपे करून सांगणारा माणूसच होता. २१ जानेवारी २००४ पासून सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरची घडणही तशीच होती. तमिळनाडू सरकारने २०१८ साली आणलेल्या ‘उळवन’ या मोबाइल ॲपमध्ये अनुदाने, धरणांतील पाणीसाठा आणि बाजारभाव एकत्र मिळू लागले, मात्र त्यासाठी वाचता येणे आणि योग्य चौकोनावर बोट ठेवता येणे आवश्यक ठरले.

निरोप्या असलेल्या यंत्राने स्वतः ऐकावे, या दिशेने झालेल्या कामात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांचा प्रयोग विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मॅडेलिन प्लोशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वामिनाथन फाउंडेशनच्या सहकार्याने, सेंपट्टीच्या केंद्राचा आधार घेऊन, ‘तमिळ मार्केट’ नावाची बोलून वापरायची माहितीव्यवस्था तयार केली आणि २००६ साली तिचे निष्कर्ष मांडले. मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणा हजारो तासांचे ध्वनिमुद्रण वापरून घडवल्या जात असताना या गटाने उलट वाट धरली: शब्द मोजकेच ठेवायचे, ते शब्द त्याच भागातील, सर्व वयांच्या, शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करायचे आणि कमी खर्चात त्या गावापुरती नीट ऐकणारी यंत्रणा उभी करायची. शेतकऱ्याला यंत्रासाठी आपली जीभ वळवावी लागू नये, यंत्रानेच आपला कान वळवावा, ही त्यामागची भूमिका होती आणि आजच्या अजस्र प्रणालींच्या काळातही ती जुनी झालेली नाही.

पुढे केंद्र सरकारच्या पाठबळाने आयआयटी मद्रासच्या पुढाकारात अनेक संस्था एकत्र आल्या व तमिळ आणि मराठीसह सहा भारतीय भाषांत, फोनवर बोलून शेतमालाचे भाव विचारता येतील अशा यंत्रणा घडवल्या गेल्या. मराठीची बाजू मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई येथील संशोधकांनी सांभाळली, आणि त्यासाठी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज गोळा करण्यात आले. वऱ्हाडातील उच्चार आणि कोकणातील उच्चार एकाच शब्दाला किती निराळे रूप देतात, हे ध्यानात घेता ही मेहनत अपरिहार्यच होती.

चॅटबॉट, म्हणजे माणसाशी त्याच्या भाषेत प्रश्नोत्तरे करणारा संगणकीय कार्यक्रम, ही कल्पना १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून जाहीर केलेल्या ‘एलायझा’पर्यंत मागे नेता येते, तो कार्यक्रम टंकलेल्या वाक्यातील ठरावीक शब्द हेरून त्यांचाच प्रश्न करून परत देई. भारतीय शेतीच्या संदर्भात २०१८ साली आयबीएमच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला ‘फार्मचॅट’ हा अभ्यास उल्लेखनीय ठरला. त्यात रांचीच्या आसपासच्या ३४ बटाटा उत्पादकांना एकदा केवळ आवाजावर चालणारा आणि एकदा आवाजासोबत मजकूर दाखवणारा, असे दोन चॅटबॉट वापरायला देऊन त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या होत्या.

आजचा चॅटबॉट कसा काम करतो आणि कोठे अडखळतो, हे पाहण्यासाठी तंजावरच्या शेतातील एकच प्रश्न पुरेसा आहे. ‘ओरु मावुक्कु एव्वळवु यूरिया पोडणुम्?’, म्हणजे एका ‘मा’ला किती युरिया टाकायचा, असे शेतकरी फोनवर बोलतो. पहिल्या टप्प्यात आवाजाचे मजकुरात रूपांतर होते. येथे तमिळची एक जुनी घडण आडवी येते, कारण त्या भाषेत लिहिण्याचे रूप आणि बोलण्याचे रूप यांत मोठे अंतर आहे. छापील पुस्तकात जेथे ‘पोड वेण्डुम्’ असते, तेथे माणूस ‘पोडणुम्’ म्हणतो, आणि बातम्यांच्या व ग्रंथांच्या भाषेवर वाढलेले यंत्र हे बोललेले रूप चुकीचे लिहून घेते. दुसऱ्या टप्प्यात अर्थ लावायचा असतो. ‘मावुक्कु’ हे रूप ‘पिठाला’ या अर्थानेही तेच राहते, त्यामुळे युरियाचा संदर्भ न धरणारे यंत्र स्वयंपाकघरात शिरण्याचा धोका असतो. ‘मा’ हे कावेरी त्रिभुज प्रदेशातील जमिनीचे माप आहे. ते साधारण एकतृतीयांश एकराचे असून अशा वीस ‘मां’ची एक ‘वेली’ होते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी मात्र हेक्टरवर दिलेल्या असतात, म्हणून गुंठ्यात विचारणाऱ्या मराठी शेतकऱ्याला जसे हेक्टरचे आकडे उपयोगाचे नसतात, तसेच येथेही रूपांतर न करता दिलेले उत्तर वाया जाते आणि चुकीचे रूपांतर केलेले उत्तर पीक बिघडवते.

तिसऱ्या टप्प्यात उत्तर शोधले जाते. मोठी भाषाप्रणाली, म्हणजे प्रचंड मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधायला शिकलेली संगणकीय रचना, सफाईदार वाक्ये करते. पण त्या वाक्यांतील माहिती खरी असेलच, अशी हमी तिच्या घडणीत नाही. म्हणून २०२० नंतर ‘आधी शोधा, मग लिहा’ ही पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रश्न आला की आधी विश्वसनीय दस्तऐवजांच्या संचातून संबंधित उतारे काढले जातात आणि प्रणालीला केवळ त्या उताऱ्यांच्या आधारे उत्तर तयार करण्यास सांगितले जाते. अडुदुरै येथील भात संशोधन केंद्राने १९२२ पासून कितीतरी वाण दिले आहेत; ‘एडीटी ४३’सारख्या कमी मुदतीच्या वाणाला आणि ‘पोन्मणि’ या नावाने येथे ओळखल्या जाणाऱ्या ‘सीआर १००९’ या लांब मुदतीच्या वाणाला खताची मात्रा आणि तिचे हप्ते एकसारखे नसतात. म्हणून चांगल्या चॅटबॉटने लगेच आकडा न सांगता वाण कोणते आणि माती तपासली आहे का, हे उलट प्रश्न विचारले पाहिजेत. जाणता कृषी साहाय्यक नेमके हेच करतो, आणि चॅटबॉटची परीक्षा घेताना त्याच्या वाक्यांच्या गोडव्यापेक्षा ही सवय तपासणे अधिक महत्त्वाचे आहे.

जी माहिती बदलत राहते, तिची अडचण याहून मोठी आहे. मेट्टूरचा १२ जून हा रिवाज असला तरी २०२२ साली पाणी २४ मे रोजीच सोडले गेले, तर २०२४ साली ते २८ जुलैपर्यंत लांबले. जुन्या मजकुरावर शिकलेली प्रणाली दोन्ही वर्षी आत्मविश्वासाने जूनच सांगेल. तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या थेट खरेदी केंद्रांवर भातातील ओलाव्याची मर्यादा १७ टक्के असते, ईशान्य मोसमी पावसात कापणी भिजली की शेतकरी रस्त्यांवर भात वाळवत बसतात आणि मर्यादा शिथिल करण्याची मागणी करतात, ती काही हंगामांत मान्यही होते. ‘या आठवड्यात किती ओलावा चालेल’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे कोणत्याही पुस्तकात नसते, ते त्या दिवशीच्या सरकारी आदेशात असते, आणि तो आदेश चॅटबॉटपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणावर तरी नेमून दिलेली असावी लागते.

सरकारी पातळीवर २१ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम-किसान योजनेसाठी ‘किसान ई-मित्र’ हा चॅटबॉट सुरू झाला, तेव्हा आरंभीच्या पाच भाषांत तमिळचा समावेश होता; मराठी नंतर आली. त्याआधी जुलै २०२२ मध्ये भारतीय भाषांच्या संगणकीय साधनांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू झाला होता, आणि आयआयटी मद्रासमधील ‘एआय४भारत’ या गटाने २०२४ साली ‘इंडिकव्हॉइसेस’ हा संग्रह प्रसिद्ध केला, ज्यात २२ भाषांतील, १४५ जिल्ह्यांतील १६,२३७ व्यक्तींचे बोलणे आहे आणि त्यातील बहुतांश भाग वाचून दाखवलेला नसून उत्स्फूर्त आहे. ही फार मोलाची कामगिरी आहे. तंजावरच्या मराठी कुटुंबांत साडेतीन शतके तमिळच्या शेजारात टिकलेली मराठी मात्र पुण्या-मुंबईच्या आवाजांवर घडलेल्या यंत्राला कितपत उमजेल, हा प्रश्न मराठी संशोधकांनी अवश्य हाती घ्यावा.

तथापि भाषा उमजल्याने सर्व काही साधत नाही. या प्रदेशातील पुष्कळ जमीन देवस्थानांची आणि तिरुवावडुदुरै, धर्मपुरम यांसारख्या मठांची आहे, आणि ती कुळे कसतात. पीएम-किसानचे वार्षिक ६,००० रुपये जमीन ज्याच्या नावावर आहे त्या कुटुंबाला मिळतात, त्यामुळे कुळाने ई-मित्राला कितीही शुद्ध तमिळमध्ये विचारले तरी त्याला नकारच ऐकावा लागतो, आणि हा नकार यंत्राचा दोष नसून नियमाचा आहे.

यंत्र ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातच ते घडवले पाहिजे, ही गरज आवाजाहूनही अधिक तीव्रतेने जाणवते ते संशोधन म्हणजे हालचालींची ओळख. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये प्रवेगमापक असतो. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तीन दिशांना किती ढकलला जातो, हे तो सेकंदाला अनेकदा मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण कोणत्या दिशेने ओढते यावरून फोन उभा आहे की कललेला, हेही त्यातून कळते. या आकड्यांच्या मालिकेवरून माणूस चालतो आहे की बसला आहे, हे संगणकाने ओळखावे, असा हा विषय. २००४ साली लिंग बाओ आणि स्टीफन इंटिल यांनी २० व्यक्तींच्या अंगावर पाच ठिकाणी मापक बांधून २० दैनंदिन क्रिया ओळखून दाखवल्या. पुढे इटलीतील जिनोव्हा विद्यापीठाच्या पुढाकाराने जो संग्रह तयार झाला, तो जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संग्रहांपैकी आहे: १९ ते ४८ वयाच्या ३० व्यक्ती, कमरेला बांधलेला फोन, सेकंदाला ५० मोजमापे, २.५६ सेकंदांचे तुकडे आणि चालणे, जिना चढणे, जिना उतरणे, बसणे, उभे राहणे व आडवे होणे या सहा क्रिया.

भातलावणी या सहांत कोठेच बसत नाही. लावणी करणारी बाई घोट्याएवढ्या चिखलात कमरेत वाकते, डाव्या हातात रोपांची जुडी धरते, उजव्या हाताच्या बोटांनी दोन-तीन रोपे चिखलात खोचते आणि पाऊल मागे घेत ओळ पुढे नेते. तिच्या कमरेला तोच फोन बांधला, तर धड जवळजवळ आडवे असल्याने सहा क्रिया शिकलेले यंत्र तिला झोपलेली समजण्याची शक्यता आहे, आणि कामाचा खरा वेग तर मनगटात असतो, तो कमरेच्या मापकाला दिसतच नाही. शिवाय पाण्या-चिखलात फोन बांधून कोणी उतरत नाही; तो बांधावर राहतो. तमिळनाडूत ‘राजराजन १०००’ या नावाने रुजवलेल्या विरळ लावणीच्या पद्धतीत ओळींमधून हाताने ढकलायचे कोळपणीयंत्र चालवावे लागते, तेव्हा वाकणे कमी होते आणि खांद्यांवरचा ताण वाढतो. दोन्ही पद्धतींत शरीरावर किती भार येतो, उन्हाच्या कोणत्या प्रहरी थांबणे आवश्यक आहे आणि यंत्राने लावणी आल्यावर कोणती कष्टाची कामे बायकांच्याच वाट्याला उरतात, याचे मोजमाप मनगटावरील स्वस्त पट्ट्याने होऊ शकते. त्यासाठी संग्रह शिवारातच, लावणीच्या दिवसांत, लावणी करणाऱ्यांच्याच अंगावर आणि त्यांना त्या वेळेची मजुरी देऊन तयार करावा लागेल.

पण या मोजमापात एक धोकाही आहे. लावणी पुष्कळदा टोळीने उक्ती घेतली जाते. मनगटावरचा पट्टा जर प्रत्येकीने किती वेळा रोप खोचले ते मोजू शकत असेल, तर तोच आकडा शेतमालकाच्या हाती पडून सर्वांत संथ हात कोणता हे दाखवू शकतो, आणि म्हातारपणामुळे वेग कमी झालेल्या बाईला आज टोळी जे सांभाळून घेते, ते उद्या घेईलच असे नाही. नोंदी नावांशिवाय ठेवणे, त्या मालकाला आणि मुकादमाला न देणे, आणि कोणत्याही बाईने सांगताच तिची नोंद पुसून टाकणे, या अटी पहिला पट्टा बांधण्याआधी तमिळ बोलीत, टोळीसमोर, मोठ्याने वाचून दाखवल्या गेल्या पाहिजेत.