हरळीला ऊन नव्हे, ढग नडतात

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या घोडेगावच्या शिवारात उन्हाळी नांगरट झाली की एक काम ठरलेलं असतं: हरळीच्या काशा वेचायच्या आणि बांधावर जाळायच्या. एखादी काशी ढेकळात राहिली तरी पहिल्या पावसात ती पुन्हा हिरवी होते. याच हरळीला आणि तिच्या संकरित वाणांना गोल्फच्या मैदानांवर माळी डोळ्यांत तेल घालून जपतात. नगरी उन्हात बांधावर तग धरणारं हे गवत मैदानावर मात्र ऐन श्रावणात पिवळं पडतं. असं का व्हावं?

उत्तर तिच्या पानात आहे. भात-गव्हाच्या पानातलं कार्बन पकडणारं विकर कडक उन्हात चुकतं. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन धरतं आणि झाडाची कमाई वाया जाते. हरळी, ऊस आणि बाजरी यांनी यावर उपसा सिंचनासारखी सोय केली आहे. पानाच्या बाहेरच्या पेशी कार्बन गोळा करून आतल्या पेशींमध्ये चढवतात. तिथे तो इतका साठतो की विकराला चुकायला वावच उरत नाही. पण उपशाला वीज लागते, आणि इथे ती वीज म्हणजे सूर्यप्रकाश. उन्हाळ्यात ती मुबलक असते. आठ-आठ दिवस आभाळ भरून राहिलं की पंप मंदावतो आणि हरळी उपाशी राहते. सावलीत हरळी विरळ होते तीही याचमुळे.

गोल्फच्या ग्रीनवरचं, म्हणजे चेंडू ज्यात घालायचा त्या खळीभोवतीचं, गवत जेमतेम तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापलेलं असतं. आधीच प्रकाश कमी, त्यात तो झेलायला पान नाही. म्हणून जाणता माळी पावसाळ्यात यंत्राचं पातं वर घेतो. दुसरं संकट मुळांशी असतं. ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. आपली काळी माती भिजली की फुगते, तिची छिद्रं मिटतात आणि मुळं गुदमरतात. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९६० साली ग्रीनची रचना ठरवून दिली ती यासाठीच: खाली सुमारे १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळू.

ग्रीनवरच्या या गवतामागचा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथे ग्लेन बर्टन यांनी आपल्या हरळीचा आफ्रिकेतल्या बारीक पानाच्या हरळीशी संकर केला. त्यातून आलेलं गवत बी धरत नाही. ते लावायचं तर कांड्या आणि काशाच लावाव्या लागतात, म्हणजे घोडेगावात जे जाळतात तेच! त्यांचं ‘टिफड्वार्फ’ हे ग्रीनसाठीचं वाण १९६५ साली आलं. त्याच वर्षी भारतात ‘एचबी-१’ ही पहिली संकरित बाजरी आली. लुधियानात डी. एस. अठवाल यांनी ती घडवली, आणि तिची मादी ओळ ‘टिफ्ट २३ए’ ही बर्टन यांचीच होती. पुढे केवडा रोगाने त्या बाजरीला झोडपलं हे खरं. पण संकरित बाजरीची वाट तिनेच उघडली. बाजरी खाणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्याने तरी बर्टन हे नाव लक्षात ठेवायला हवं.

पावसाळ्यात गवत पिवळं दिसलं की युरिया फेकायचा मोह होतो. पिवळेपणाचं कारण अंधार आणि साचलेलं पाणी असेल, तर युरियाने पान लुसलुशीत होतं आणि बुरशीचं फावतं. बाटलीतल्या ‘हिरवळ टॉनिक’लाही प्रकाश किंवा निचरा देता येत नाही. शाळेचं मैदान असो की सोसायटीची हिरवळ, उन्हाळ्यात पाणी पहाटे, खोलवर आणि खंड देऊन द्या. मृगाआधी जमिनीला भोकं पाडून त्यांत वाळू भरा, पाण्याला उतार काढून द्या आणि आभाळ भरून आलं की कापणीचं पातं वर घ्या.