दाढ काढल्यानंतर

दाढ निघाली कीं दंतवैद्याचें काम संपतें आणि आपलें सुरू होतें. रिकाम्या खळग्यांत रक्ताची गुठळी जमते. दिसावयास ती ओंगळ खरी. परंतु उघड्या हाडावर व मज्जातंतूंवर तिचेंच पांघरूण असतें आणि तिच्याच आधारानें जखम भरते. घरची सारी शुश्रूषा म्हणजे या गुठळीची राखण होय.

दंतवैद्यानें दिलेली कापडाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरावी. पहिले २४ तास चूळ भरूं नये, जोरानें थुंकूं नये, नळीनें सरबत ओढूं नये. त्या ओढीनें गुठळी निसटते. विडी, सिगारेट, तंबाखू हीं तर वर्ज्यच. लाळ किंचित् गुलाबी दिसली तर घाबरूं नये. गालावर फडक्यांत गुंडाळलेला बर्फ थांबून थांबून ठेवावा. गार ताकभात खावा. अॅस्पिरिनची गोळी जखमेवर दाबूं नये. ती हिरडी भाजते. रक्त पातळ ठेवणारें औषध चालू असल्यास तें आपल्या मनानें बंद करूं नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडांत हलकेच घोळवून गळूं द्यावें.

सूज दोन-तीन दिवस वाढून मग उतरते. मात्र दुखणें कमी होत असतां तिसऱ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत कळ उठली, तर गुठळी ढळल्याचा संभव असतो; दंतवैद्यास दाखवावें. ताप आला, रक्त थांबेना, गिळतांना वा श्वास घेतांना अडथळा वाटला, तर क्षणाचाही विलंब लावूं नये. सोसण्यांत शौर्य नाहीं.