अंडी-प्रक्रिया उद्योगातील अपशिष्टे

अंडी फोडून त्यांपासून द्रवरूप, गोठविलेले वा भुकटीच्या रूपातील पदार्थ तयार करताना जे कवच, कवचाच्या आतील पटल, सांडलेला बलक व पांढरा, नासकी अंडी आणि धुण्याचे पाणी उरते, त्यास अंडी-प्रक्रिया उद्योगातील अपशिष्ट म्हणतात. भारतात अंड्यांचा फार मोठा भाग कवचासहितच विकला जातो. अंडी-भुकटीचे मोठे कारखाने तमिळनाडूत ईरोडच्या परिसरात आहेत. महाराष्ट्रात कुक्कुटपालनाचा विस्तार पुण्याच्या बाजूस अधिक झाला. यवतमाळसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याच्या दृष्टीने या विषयाचा विचार करताना तेथील उष्णता, चुनखडी आणि काळी जमीन या तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. कारण एका प्रदेशात मोल असलेले अपशिष्ट दुसऱ्या प्रदेशात निरुपयोगी ठरू शकते.

साधारण ५५ ग्रॅ. वजनाच्या अंड्यात कवचाचा वाटा सु. १०% असतो. दिवसाला एक लाख अंडी फोडणाऱ्या कारखान्यात त्यामुळे सु. ५५० किग्रॅ. कवच निघते. त्यास चिकटलेला पांढरा व ओलावा धरल्यास प्रत्यक्ष वजन याहून बरेच अधिक भरते. हा चिकटलेला पांढराच सर्व त्रासाचे मूळ होय. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४२° से.च्या वर जाते. अशा हवेत ओल्या कवचाचा ढीग काही तासांतच कुजू लागतो, हायड्रोजन सल्फाइडाची दुर्गंधी सुटते व माश्या जमतात. उन्हाळ्याचा दुसरा परिणाम कोंबडीवर होतो. धापा टाकल्याने तिच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड कमी होऊन कवच पातळ बनते आणि तडकलेल्या अंड्यांचे प्रमाण वाढते.

म्हणून कवच यंत्रातून बाहेर पडताच केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून त्यावरील द्रव वेगळा काढतात. कवचाच्या बाह्य पृष्ठभागावरील मळ व जंतू या द्रवात मिसळलेले असल्याने तो माणसाच्या खाद्यात वापरणे योग्य नव्हे; उष्णतेने साकळवून त्याचा उपयोग पशुखाद्यात करता येतो. राहिलेले कवच फिरत्या पिंपात गरम हवेने वाळवून दळतात.

वाळलेल्या कवचात सु. ९४% कॅल्शियम कार्बोनेट असते. उरलेल्या भागात मॅग्नेशियम कार्बोनेट, कॅल्शियम फॉस्फेट व प्रथिने असतात. अशी भुकटी शेतात चुन्याऐवजी घालावी, असे पुष्कळदा सुचविले जाते. कोकणातील जांभ्या दगडाच्या आम्लधर्मी जमिनीस हे लागू पडते. यवतमाळची काळी जमीन मात्र बेसाल्टापासून बनलेली, बहुधा चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहे. तीत आणखी चुना मिसळल्याने लाभ होत नाही. उलट लोह व जस्त ही द्रव्ये पिकांना मिळण्यास अडथळा येतो. कवच भाजून चुना करणेही येथे परवडणारे नाही. वणी व झरी-जामणी तालुक्यांत चुनखडीचे साठे आहेत. राजूरला चुनाभट्ट्या आहेत व मुकुटबन येथे सिमेंटचा कारखाना आहे. खाणीतून निघणाऱ्या स्वस्त चुनखडीशी अंड्याच्या कवचाने स्पर्धा करण्याचे कारण नाही.

त्याचा खरा उपयोग कोंबडीच्या खाद्यातच आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात ३·५ ते ४% कॅल्शियम लागते व प्रत्येक अंड्यामागे सु. २ ग्रॅ. कॅल्शियम कवचात जाते. भरड दळलेले कवच पेषणीत सावकाश विरघळते आणि रात्री, कवच बनण्याच्या वेळी, उपयोगी पडते. खेड्यांत घरची टरफले कुस्करून कोंबड्यांना घालण्याची रीत जुनीच आहे. कारखान्यातील कवच अनेक ठिकाणच्या कळपांतून आलेले असते, हा फरक विसरता कामा नये. साल्मोनेला जंतू नष्ट होतील इतकी उष्णता संपूर्ण ढिगास मिळाली नसेल, तर एका कळपातील रोग या मार्गाने दुसऱ्या कळपात पोहोचतो.

कवचाच्या आतील पटल अत्यंत पातळ असून ते कोलॅजेनासारख्या तंतुमय प्रथिनांचे बनलेले असते. कवच फोडून पाण्यात जोराने घुसळल्यास जड खनिज तळाशी बसते व पटल पाण्यात तरंगत राहते. ते गाळून वेगळे करतात. सौंदर्यप्रसाधनांत व पूरक आहारात त्यास मागणी असून वजनाच्या मानाने त्याची किंमत कवचाहून कितीतरी अधिक येते. पांढऱ्यातील प्रथिनांपैकी सु. ३·५% लायसोझाइम असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये वर्णिलेले हे जंतुनाशक एंझाइम चीज टिकविण्यासाठी वापरतात. मात्र ते ताज्या, स्वच्छ पांढऱ्यापासूनच काढावे लागते.

सांडपाण्याचा प्रश्न कवचाहून बिकट असतो. अंड्यातील प्रथिने व मेद पाण्यात मिसळल्याने त्याची जैव ऑक्सिजन मागणी फार वाढते. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी ही मर्यादा दर लिटरला ३० मिग्रॅ., तर सिंचनासाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्यास १०० मिग्रॅ. आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविषयीचा कायदा १९६९ मध्ये, म्हणजे १९७४ च्या केंद्रीय कायद्यापूर्वीच केला होता. भांडी प्रथमच कढत पाण्याने धुतल्यास पांढरा साकळून धातूस घट्ट चिकटतो. त्यामुळे आधी थंड वा कोमट पाणी व नंतर गरम क्षारयुक्त पाणी वापरतात. पहिल्या धुण्यातील घट्ट पाणी निराळे साठविले, तर पुढील शुद्धीकरणाचा मोठा भार हलका होतो. या पाण्याचा सामू (पीएच मूल्य) ४·५ च्या आसपास आणला की बरीचशी प्रथिने साकळतात व हवेच्या बुडबुड्यांबरोबर वर येतात.

हा गाळ नुसताच बायोगॅस संयंत्रात घातल्यास नायट्रोजनाच्या आधिक्याने अमोनिया साचून किण्वन मंदावते. त्यास कार्बनयुक्त पदार्थांची जोड द्यावी लागते आणि येथे कापसाचा जिल्हा सोयीचा ठरतो. पऱ्हाटीचे बारीक तुकडे, सोयाबीनचे कुटार व जिनिंगमधील कचरा यांत गाळ मिसळून कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण २५ ते ३० : १ ठेवल्यास चांगले खत होते. एरवी पऱ्हाटी बांधावर जाळली जाते वा चुलीत जाते.

रोगग्रस्त भागातील अंड्यांना यांपैकी कोणताही मार्ग लागू नाही. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ मध्ये भारतातील पहिला बर्ड फ्ल्यू आढळला, तेव्हा लक्षावधी कोंबड्या मारून त्यांची व अंड्यांची विल्हेवाट लावावी लागली. २०२१ मध्ये हाच प्रसंग तेथे पुन्हा आला. अशा वेळी खोल खड्ड्यात चुन्याचे थर देऊन सर्व माल पुरतात. काळ्या जमिनीत खड्ड्याची जागा विशेष काळजीने निवडावी लागते. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते व पावसाचे पहिले पाणी त्या भेगांतून खाली उतरून भेगाळ बेसाल्टातील विहिरींपर्यंत पोहोचू शकते.