वातानुकूलित खोली आणि बुरशी

पावसाळ्याचे चार महिने गोव्याची हवा ओलाव्याने भरलेली असते. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात कपाटातील कपड्यांना कुबट वास येणे, चामड्याच्या चपलांवर बुरा चढणे आणि भिंतींवर काळे ठिपके उमटणे हे कोणासही नवीन नाही. अलीकडे घरे, शाळा व कार्यालये यांतून वातानुकूलन यंत्रे बसविली जात आहेत आणि यंत्र आले की ओल गेली, असा समज रूढ होत आहे. हा समज अर्धसत्य होय.

बुरशी का येते?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. त्यांचे समूळ उच्चाटन शक्य नाही. कागद, लाकूड, कापड, चामडे, एवढेच काय, साधी धूळसुद्धा त्यांना अन्न म्हणून पुरते. त्यांना हवे असते ते केवळ पाणी. ओली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी रुजू लागते. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिल्यास तिची वाढ सहसा होत नाही.

यंत्राचे कार्य

वातानुकूलनाचा जन्मच आर्द्रतेच्या प्रश्नातून झाला. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंगांची छपाई बिघडत असे. त्यावर विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आटोक्यात ठेवणाऱ्या यंत्रणेची योजना आखली. आजही यंत्रातील थंड नळ्यांवरून हवा गेली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन ते खालच्या तबकात पडते व नळीवाटे बाहेर जाते.

दोष उद्भवतो तो येथेच. नळी तुंबली की तबकात पाणी साचते. फिल्टरवरील धूळ, काळोख आणि हे पाणी एकत्र आले की यंत्राच्या पोटातच बुरशी पोसली जाते आणि तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर खोलीभर पसरतात. खोलीच्या मानाने यंत्र फार मोठे असेल, तर खोली झटपट गार होऊन यंत्र थांबते व ओलावा तसाच राहतो. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के आर्द्रता असता ती हवा सुमारे २७ अंशांहून थंड भिंतीस लागताच तेथे दव धरते. म्हणून यंत्र चालू असताना उघडी राहिलेली खिडकी भिंतीस ओल आणते.

आरोग्यावर परिणाम

दमट व बुरशीग्रस्त इमारतींत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार होण्याचा आणि दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. लहान मुले, दमेकरी व रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्याबाबत विशेष दक्षता आवश्यक आहे.

घ्यावयाची दक्षता

१. फिल्टर नियमितपणे धुऊन, पूर्ण वाळवून मगच बसवावा. पावसाळ्यापूर्वी तबक, नळ्या व निचऱ्याची नळी जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावी.

२. यंत्र चालू असता दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. तापमान २४ अंशांच्या आसपास ठेवावे.

३. यंत्र सुरू करताच कुबट वास आल्यास ते त्वरित तपासून घ्यावे.

४. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत.

५. भिंतीवरील बुरशी कोरडी झाडू नये. त्याने बीजाणू उडतात. नाक-तोंड झाकून ती साबणाच्या पाण्याने पुसावी व जागा वाळवावी. गळती बंद केल्यावाचून वर रंग देणे व्यर्थ होय.

शाळेची जुनी हजेरीपत्रके, देवस्थानांचे दप्तर, घराण्यांचे जमिनीचे कागद हे सारे बुरशीचे खाद्य आहे. एकदा नष्ट झालेले पान पुन्हा मिळत नाही. यंत्र असो वा नसो, साचलेल्या पाण्यास वेळीच वाट करून देणे हाच बुरशीवरील खरा उपाय होय.