पाठ टेकली की नाही? ‘महाराष्ट्र केसरी’चा निकाल शौकिनांच्या गळी का उतरत नाही

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर ६७ व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवटचा दिवस. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ आणि नांदेडकडून उतरलेला शिवराज राक्षे समोरासमोर आले. डाव बसला, राक्षे खाली गेला, पंचांची शिट्टी वाजली आणि मोहोळ चितपटीने विजयी झाल्याचं जाहीर झालं. राक्षे उठला तो थेट पंचांकडे गेला. पाठ टेकलेलीच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्यानंतर किताबाची लढत झाली. तिथेही सोलापूरचा महेंद्र गायकवाड गुणावरून पंचांशी वाद घालून काही सेकंद उरलेले असताना गादी सोडून निघून गेला. चांदीची गदा मोहोळच्या खांद्यावर आली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

ही कुस्ती काही सेकंदांत संपली, पण मोबाइलवर ती कितीतरी दिवस चालू राहिली. नाशिकच्या तालमींत, चहाच्या टपऱ्यांवर, रात्रपाळीच्या बसमध्ये एकच क्लिप पुढे-मागे करून पाहिली गेली. उजवा खांदा टेकलाय, डावा वर आहे. नाही, दोन्ही टेकलेत, पण थांबले कुठे? कुस्तीशौकिनांत यावर सरळ दोन तट पडले.

चितपट म्हणजे नेमकं काय?

गावच्या जत्रेतल्या कुस्तीत चितपट ओळखायला नियमावली लागत नाही. पाठ मातीला लागली, तोंड आभाळाकडे झालं, हलगी थांबली, फेटे उडाले. ‘आस्मान दाखवलं’ हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. पाठीला लागलेली माती हाच पुरावा. गादीवर हा पुरावा मिळत नाही, कारण गादी अंगाला लागत नाही.

गादीवरची कुस्ती जागतिक संघटनेच्या नियमांनी चालते. त्या नियमांत चितपटीला दोन अटी आहेत. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले हवेत. आणि ते इतका वेळ टेकलेले हवेत की खालच्या मल्लावर वरच्याचा पूर्ण ताबा आहे हे पंचाला दिसावं. हा वेळ किती, याचा सेकंदांत आकडा दिलेला नाही. पंचाने तो क्षण ‘थांबलेला’ पाहायचा असतो. शिवाय गादीवरच्या पंचाने एकट्याने निर्णय द्यायचा नसतो. बाजूला बसलेले सहायक पंच किंवा गादीप्रमुख यांच्यापैकी एकाचा होकार मिळाला की मगच तो गादीवर हात मारून शिट्टी वाजवतो.

शौकिनांचा सगळा राग या दोन अटींमधल्या फटीत अडकला आहे. खांदे टेकून लगेच फिरले तर ती चितपट नाही. ती ‘धोकादायक स्थिती’ ठरते, तिचे गुण मिळतात आणि कुस्ती पुढे चालू राहते. खांदे टेकून क्षणभर थांबले तर कुस्ती तिथेच संपते. म्हणजे गुणफलकावर कितीही आघाडी असो, त्या क्षणाच्या वाचनावर सगळं ठरतं. डाव वेगाने बसतो, मल्ल सव्वाशे किलोच्या आसपासचे असतात, पंच एका बाजूला गुडघ्यावर बसलेला असतो. त्याला जो खांदा दिसत नाही, तो समोरच्या गॅलरीतल्या माणसाला दिसतो. मोबाइलवर तर दोन्ही खांदे दिसतात, तेही संथ गतीत.

अहिल्यानगरच्या बाबतीत शौकिनांचा संशय पुढे खरा निघाला. स्पर्धेनंतर नेमलेल्या चौकशी समितीने तो निर्णय चुकीचा ठरवला आणि पंचावरही तीन वर्षांची बंदी आली. निकाल मात्र बदलला नाही. राक्षेच्या बाजूने बोलणाऱ्यांना हेच जास्त झोंबलं. निर्णय चुकला हे मान्य झालं, पण त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.

गुणांचा हिशोब आणि २०२३ ची जखम

हा राग एका स्पर्धेत तयार झालेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली. पंचांनी चार गुण दिले. सिकंदर हरला आणि महाराष्ट्रभर एकच प्रश्न विचारला गेला: चार कसे?

उभ्या मल्लाला थेट असं पाडलं की त्याची पाठ गादीकडे वळली, धोकादायक स्थितीत गेली, तर चार गुण. तो कुशीवर किंवा पोटावर पडला आणि वरच्याने ताबा घेतला, तर दोन. पाठीचा गादीशी होणारा कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला की धोका सुरू होतो. हा कोन पंचाने डोळ्यांनी मोजायचा. सिकंदरचे चाहते म्हणत होते की तो कुशीवर पडला, पाठ वळलीच नाही. वाद इतका तापला की पंचांना फोनवरून धमकी देण्यापर्यंत मजल गेली. ज्या गायकवाडला तेव्हा चार गुण मिळाले, तोच दोन वर्षांनी एका गुणासाठी गादी सोडून गेला. आणि २०२३ ला त्याच गायकवाडला हरवून गदा मिळवणारा राक्षे २०२५ ला अन्यायाची तक्रार करत होता. कुस्तीत कोण कधी कोणत्या बाजूला उभा राहील, सांगता येत नाही.

सिकंदरने उत्तर आखाड्यातच दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला त्याने राक्षेला झोळी डावावर मिनिटभराच्या आत चितपट केलं. तिथे वाद झाला नाही. शौकिनांचं पहिलं मत इथेच तयार होतं: निकाली कुस्ती असेल तर पंच लागतो कशाला? गुणांवर कुस्ती नेली की पंचाच्या हातात जाते.

या मतात थोडी गल्लत आहे. अहिल्यानगरचा वाद गुणांचा नव्हताच, तो चितपटीचाच होता. निकाली कुस्तीतही पंच चुकू शकतो. जत्रेत तो चुकला तर आखाड्याभोवतीचे हजार लोक ओरडून कुस्ती पुन्हा लावायला भाग पाडतात, एवढाच फरक.

लाथ मारली, तेही चुकलंच

राक्षेवर अन्याय झाला असं मानणारेही त्या लाथेचं समर्थन करत नाहीत. तालमीत मुलगा पहिल्या दिवशी शिकतो तो मातीला नमस्कार. वस्तादापुढे मान वर करायची नाही, हा दुसरा धडा. पंच हा बहुतेक वेळा कधीकाळी लंगोट कसलेला माणूसच असतो. त्यामुळे ती लाथ फक्त एका पंचाला बसली असं जुन्या लोकांना वाटत नाही.

पण रागामागचं कारणही समजून घ्यायला हवं. दूध, बदाम, तूप, थंडाई, तालमीतला मुक्काम, प्रवास, दुखापतीचे उपचार, हा सगळा खर्च बहुतेकदा शेतकरी घरातून येतो. त्यातून वर्षाला एक मोठी संधी मिळते. महाराष्ट्र केसरी झालं की जत्रेतल्या कुस्तीचं मानधन वाढतं, सत्कार होतात, सरकारी नोकरीचं दार किलकिलं होतं. सलग तीनदा किताब जिंकलेले नरसिंग यादव आणि चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, हे प्रत्येक तालमीतल्या मुलाला पाठ आहे. उपविजेत्याचं नाव मात्र दोन वर्षांनी आठवावं लागतं. एका खांद्याच्या टेकण्यावर एवढं सगळं टांगलेलं असतं.

नाशिककरांची मोजपट्टी: ७ जानेवारी २०२०

नाशिकचा शौकीन कोणत्याही वादग्रस्त निकालावर बोलताना फिरून एकाच कुस्तीवर येतो. पुण्यात बालेवाडीत नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांची अंतिम लढत. दोघेही पुण्यात काका पवार यांच्या तालमीतले. एकाच वस्तादाचे, रोज एकमेकांच्या अंगाला अंग लावणारे. अशा दोघांत डाव लपत नाही, म्हणून कुस्ती फुटायलाही वेळ लागतो. सदगीरने गादी विभागात २०१७ चा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके याला हरवून ती फेरी गाठली होती.

निकाल ३-२. म्हणजे चितपट नाही, मोठा डाव नाही, गुणांचीच कुस्ती. आताच्या हिशोबाने वाद व्हायला भरपूर जागा होती. झालं उलटंच. जिंकलेल्या सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं आणि मैदानात फिरवलं. गदा नाशिकला आली.

इथे नाशिककर एक गोष्ट सोयीने विसरतात. राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगर भागातला, मग नांदेडकडून का खेळला, असं ते विचारतात. सदगीर तरी कुठे नाशिक जिल्ह्यातला? तो अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा, बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्या गावचा. पण त्याने भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत घाम गाळला, म्हणून तो आपला. जन्म कुठला यापेक्षा माती कुठली अंगाला लागली हे पाहायचं, हा तालमीचा जुना हिशोब आहे. तो इतर जिल्ह्यांनाही लावायला हरकत नसावी.

एका महिन्यात दोन ‘केसरी’

शौकिनांची सर्वात जुनी तक्रार मात्र पंचांविषयी नाही, संघटनांविषयी आहे. १९६१ पासून चालत आलेला हा किताब २०२२ नंतर दोन संघटनांच्या भांडणात सापडला. भारतीय कुस्ती महासंघाने जुनी कुस्तीगीर परिषद बरखास्त केली, दुसरी संघटना उभी राहिली आणि दोघींनीही आपापली ‘महाराष्ट्र केसरी’ भरवायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला. त्याच महिन्यात धाराशिवला दुसरी स्पर्धा झाली, तिथे राक्षेने सदगीरला हरवून गदा घेतली. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला मोहोळ आणि मार्चअखेरीस त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला वेताळ शेळके.

दोन महिन्यांत एका जिल्ह्यात दोन गदा दिल्या गेल्या, तर गावातल्या फलकावर कोणाचं नाव लिहायचं? नाशिकच्या शौकिनाचं म्हणणं साधं आहे. दोघांनी एकदा समोरासमोर लढावं. ते होत नाही, कारण हा प्रश्न मल्लांच्या हातातला नाही.

मग यात आणि डब्ल्यूडब्ल्यूईत फरक काय?

हा टोमणा हल्ली सर्रास ऐकू येतो. प्रकाशझोत, मोठे पडदे, व्यासपीठभर नेते, विजेत्याला थार गाडी. जानेवारी २०२३ ला राक्षेला थार मिळाली, २०२५ ला मोहोळला. नाशिकमधली शाळकरी मुलं जॉन सीना आणि रोमन रेन्स यांना ओळखतात, सप्टेंबर २०२३ मध्ये सीना हैदराबादला आला तेव्हा त्यांनी तो कार्यक्रम मोबाइलवर पाहिला. मुंबईत दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल लढतींना गर्दी करणारे आजोबाही याच घरांत आहेत.

फरक मोठा आहे. डब्ल्यूडब्ल्यूईत कोण जिंकणार हे आधीच लिहिलेलं असतं आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तिथला चाहता चिडतो तो कथा लिहिणाऱ्यावर. अमक्याला उगाच जिंकवलं, तमक्याला वर्षभर घरी बसवलं. त्या रागात गंमत असते. कुस्तीचा शौकीन चिडतो, कारण इथे काहीच लिहिलेलं नसतं असा त्याचा विश्वास आहे. दिखाऊपणाचं त्याला वावडं नाही. हलगी, फेटे, भंडारा, नारळाच्या कुस्तीपासून लाखाच्या इनामापर्यंतची चढण, हा दिखावा जत्रेतही असतोच. फक्त आखाड्यात उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यांच्या गर्दीमुळे कुस्तीच दिसत नाही, तेव्हा तो ओरडतो: खाली बसा!

शौकीन काय मागतोय?

आंतरराष्ट्रीय नियमांत दाद मागायची सोय आहे. प्रशिक्षक गादीवर एक मऊ वस्तू टाकतो, कुस्ती थांबते, गादीप्रमुख चित्रीकरण पाहतो. दाद फेटाळली गेली तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो आणि पुन्हा दाद मागता येत नाही. त्यामुळे कुणी उगाच थांबवत नाही. शौकिनांची मागणी एवढीच आहे की किताबाच्या लढतींत प्रत्येक चितपटीचं चित्रीकरण गदा देण्याआधी पाहावं आणि ते मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवावं. जाहिरातींसाठी पडदा असतोच.

आणि तरीही समाधान झालं नाही, तर जत्रेतला उपाय आहे: पुन्हा लावा. हा उपाय फक्त जत्रेपुरता नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी निवड होताना कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास यांच्याकडून निसटत्या गुणफरकाने मागे पडले होते. आपल्याला मुद्दाम कमी गुण दिले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. कुस्ती पुन्हा लावली गेली आणि खाशाबांनी ती जिंकली. प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताला १०० हून जास्त बैलगाड्या आल्या होत्या.