लवणबद्ध अमोनिया आणि इंधनघट

ठाण्याच्या खाडीकाठी कोपरीसारखी दाट वस्ती आहे. अशा वस्तीत इंधनघटासाठी हायड्रोजनचा वाहक म्हणून अमोनिया साठवावयाचा झाल्यास पहिला प्रश्न सुरक्षिततेचा होय. ३०° सेल्सिअसला द्रव अमोनियाचा बाष्पदाब सुमारे १२ वातावरणे असतो. टाकी फुटल्यास विषारी वायू वस्तीत पसरेल.

यावर उपाय म्हणजे अमोनिया घन लवणात बांधून ठेवणे. १८२३ मध्ये फॅरडेने सिल्व्हर क्लोराइडने शोषलेला अमोनिया उष्णतेने मुक्त करून द्रवरूप केला होता. २००५ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी हायड्रोजन-साठ्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइड सुचविले. त्याचा एक रेणू अमोनियाचे सहा रेणू धरतो. या संयुगात वजनाने सुमारे ५२ टक्के अमोनिया, म्हणजेच ९ टक्के हायड्रोजन असतो; तरीही सामान्य तापमानास त्याचा दाब वातावरणाच्या शतांशाहूनही कमी राहतो.

मात्र या सुरक्षिततेचे मोल उष्णतेने चुकवावे लागते. सहापैकी चार रेणू मुक्त होण्यास सुमारे १४०° तापमान लागते. उरलेल्या दोहोंस त्याहून पुष्कळच अधिक. कॅल्शियम व स्ट्राँशियम क्लोराइडांची पकड सैल असते. तेथे उष्णता कमी लागते, पण साठ्याचा दाब वाढतो.

ही उष्णता कोठून आणावयाची, हे घटावर अवलंबून आहे. कमी तापमानाच्या पटल-घटास अमोनियाचा अंशही बाधतो; त्यासाठी अमोनियाचे आधी विघटन करून उरलेला अंश काढून टाकावा लागतो. घन-ऑक्साइड घट मात्र अमोनिया थेट वापरू शकतो आणि त्याची वाया जाणारी उष्णता लवणास देता येते. म्हणून लवणाची निवड घटाच्या निवडीपासून वेगळी करता येत नाही.