जन्मभूमी की जन्मदाते? : नवजात बालकाच्या नागरिकत्वाचा प्रश्न

बालरोगतज्ज्ञाच्या हाती येणारे मूल हे कोणत्याही राष्ट्राचे होण्यापूर्वी केवळ एक बालक असते. त्याचा श्वास, रंग व वजन पाहताना त्याच्या आई-वडिलांची कागदपत्रे तपासण्याचे आम्हांस कारण पडत नाही. परंतु त्याच घटकेपासून कायद्याचा एक प्रश्न सुरू होतो. हे मूल कोणत्या देशाचे नागरिक? ते जन्मस्थानावरून ठरवावे की जन्मदात्यांवरून? या प्रश्नाचा थोडा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेतील १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनुसार, त्या देशात जन्मलेली व त्याच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक ठरते. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली या वाक्याचा व्यापक अर्थ मान्य केला. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने हा अर्थ संकुचित करू पाहिला. आई तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि वडील नागरिक किंवा कायम रहिवासी नसतील, तर तेथे जन्मलेल्या बाळाला नागरिक मानू नये, असा त्याचा आशय होता. एच-१बी व्हिसावरील अनेक मराठी व गुजराती घरांत त्यामुळे काळजी पसरली. आदेशाविरुद्ध लोक न्यायालयात गेले आणि सारा वाद ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या मोजक्या शब्दांभोवती फिरला.

आपल्याकडे मात्र परिस्थिती निराळी आहे. आपल्या राज्यघटनेत असे कायमचे वचन नाही, आणि ते विचारपूर्वक दिलेले नाही. संविधान सभेत एप्रिल १९४७ मध्ये जन्माधिष्ठित नागरिकत्वाची बाजू मांडली ती सरदार वल्लभभाई पटेलांनी. बारडोलीच्या लढ्यामुळे आपल्या सुरत जिल्ह्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी आपण तेथील नागरिकत्व मागतो, तेव्हा स्वतःच्या घरी आपण संकुचित होऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता.

ऑगस्ट १९४९ मध्ये विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी याउलट बाजू मांडली. विमान मुंबईत दोन तास थांबले आणि एखादी परदेशी प्रवासी स्त्री तेवढ्यात प्रसूत झाली, तर ते मूल भारतीय ठरावे काय, असा त्यांचा सवाल होता. भारताचे नागरिकत्व इतके स्वस्त असू नये, हा त्यांचा आग्रह. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की, हे कलम घटना अमलात येतानाच्या नागरिकांपुरते असून कायमचा कायदा करण्याचे काम संसदेवर सोपविले आहे. अनुच्छेद ११ चा अर्थ हाच.

संसदेने १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात प्रथम सरदारांचीच वाट धरली. परदेशी राजदूतांची मुले असे मोजके अपवाद वगळता, २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मलेले प्रत्येक मूल नागरिक ठरले. पुढे १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एकजण भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघेही भारतीय हवेत. अथवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली.

याचा परिणाम पाहा. आई भारतीय, वडील मुदत संपलेल्या व्हिसावर राहिलेले परदेशी. अशा दांपत्याचा २००३ साली जन्मलेला थोरला मुलगा जन्माने भारतीय नागरिक आहे आणि २००५ साली जन्मलेली धाकटी मुलगी नाही. घर तेच, आई तीच, फरक केवळ जन्मतारखेचा.

देशाच्या सीमांचे रक्षण हा राज्याचा हक्क आहे आणि पंजाबरावांची शंकाही निरर्थक नव्हती. पण वडिलांच्या कागदातील उणिवेचे ओझे बालकाच्या माथी का? ब्रिटननेही १ जानेवारी १९८३ पासून निव्वळ जन्मावरून नागरिकत्व देणे बंद केले. मात्र तेथे जन्मून पहिली दहा वर्षे तेथेच वाढलेल्या मुलाला नोंदणीने नागरिक होण्याचा हक्क ठेवला. विमानतळावरचे बाळ आणि आपल्या गल्लीत वाढलेले मूल यांत भेद करणारी अशी मधली वाट आपल्या संसदेनेही विचारात घ्यावी, असे मला वाटते. प्रत्येक बालकाची जन्मनोंद व राष्ट्रीयत्व मिळविण्याचा हक्क मान्य करणारा बालहक्क करार भारताने १९९२ सालीच स्वीकारला आहे.

तोवर घटनेतील शब्दांची निवड ध्यानात ठेवावी. भाषणस्वातंत्र्याचे अनुच्छेद १९ ‘नागरिकां’विषयी बोलते, समतेचे १४ आणि जीविताचे २१ ‘व्यक्ती’विषयी. म्हणजे लस, उपचार व प्राणरक्षण यांसाठी नागरिकत्वाची अट घालण्याचे आम्हां डॉक्टरांना कारण नाही.

आपल्या व्यवसायबंधूंच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. रुग्णालयातील जन्माची माहिती २१ दिवसांत कळविण्याची जबाबदारी तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, मतदारयादी आदींसाठी जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून हाच दाखला द्यावा लागतो. देशात एकच नागरिकत्व असल्याने जळगावहून उधन्यात आलेल्या जोडप्याचे मूल येथे परके नाही. पण मराठी, हिंदी, ओडिया नावे गुजरातीत व इंग्रजीत उतरताना बदलतात. ‘पाटील’चे स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. आता नागरिकत्व आई-वडिलांवर अवलंबून असल्याने त्यांच्या नावातील एका अक्षरालाही मोल आले आहे.

म्हणून डिस्चार्जच्या कागदासोबत जन्मनोंदीतील आई-वडिलांची नावे एकदा त्यांच्याकडूनच वाचून घ्यावीत. घटनेचा अर्थ न्यायालये लावतील, कायदा संसद करील. हे दोन मिनिटांचे काम मात्र आपलेच आहे.